भाषेच्या तासाचा पगार

हैदराबाद संस्थानात १९३०-३२ च्या सुमारास भालकीच्या किंवा औरादच्या तहसिलीत चिकटलेल्या मराठी कारकुनाची नोकरी कशी गेली असेल, ते एकदा मांडून पाहावं. घरात मराठी. हिशेबाला मोडी, ती वडिलांकडून किंवा कुलकर्ण्याच्या दप्तराशी बसून शिकलेली. कचेरीतल्या मिसली उर्दूत, कारण निजाम सरकारची भाषा उर्दू. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली, संस्थान भारतात आलं आणि वरून येणाऱ्या कागदांवर इंग्रजी वाढू लागली. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली. जुन्या बीदर जिल्ह्यातले अहमदपूर, निलंगा, उदगीर हे तालुके मुंबई राज्यात आले, जहिराबाद-नारायणखेडकडचा भाग आंध्रात गेला आणि बीदर, भालकी, हुमनाबाद, औराद म्हैसूर राज्यात. निवृत्तीला दहा-बारा वर्षं उरली असताना या कारकुनाला कन्नडचा श्रीगणेशा गिरवावा लागला.

तो जागचा हललाही नव्हता. हलला होता मालक.

बाहेरून आलेल्या कामगाराला कामाची भाषा मालकाने शिकवावी का, या विषयावर जगात पुष्कळ लिहिलं गेलं आहे. त्यातली बहुतेक पुस्तकं बंदरावर उतरणाऱ्या माणसापासून सुरू होतात. बीदर-कलबुर्गी पट्ट्यात हा विषय उलट्या बाजूने हाती येतो. इथे भाषा घेऊन यायचे ते मालकच: इराणातून आलेले वजीर, उत्तर हिंदुस्थानातून आलेले अधिकारी, लिव्हरपूलहून आलेला एखादा गोरा साहेब, आणि शेवटी बंगळुरूहून येणारी परिपत्रकं. प्रत्येकाच्या वेळी कोणीतरी कोणाची तरी भाषा शिकलंच. म्हणून या प्रकरणात मी एकच प्रश्न धरून चालणार आहे. शिकण्यात जो तास गेला, त्याचे पैसे कोणाच्या खिशातून गेले?

बहमनी राज्याची राजधानी पंधराव्या शतकात गुलबर्ग्याहून, म्हणजे आजच्या कलबुर्गीहून, बीदरला हलली, तेव्हा दरबारात दोन तट होते. एक दख्खनी, म्हणजे इथे मुरलेले; दुसरे आफाकी, म्हणजे इराण-मध्य आशियातून नव्याने आलेले. गिलानहून आलेला महमूद गावान हा त्या आफाक्यांमधला सर्वांत मोठा माणूस. त्याने बीदरला १४७२ मध्ये बांधलेला मदरसा, अर्धवट उरलेल्या रंगीत फरशांसह, आजही उभा आहे. तिथे दूरदूरचे विद्वान येत. पण ते मराठी किंवा कन्नड शिकायला येत नव्हते. दरबाराची फारसी दरबारात राही आणि खेड्यातला वसूल पांडे-कुलकर्ण्यांच्या भाषेत चाले. दोहोंच्या मध्ये दुभाष्यांची आणि दुहेरी लिहिणाऱ्यांची एक फळी असे. पुढे आलेल्या आदिलशाहीची जी द्विभाषिक फर्मानं सापडतात, वर फारसी आणि खाली मोडीतली मराठी, ती याच फळीचं काम.

याच आदिलशाहीत एक वेगळा निर्णय झाला. १५३४ मध्ये गादीवर आलेल्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुलाचे हिशेब फारसीतून काढून इथल्या भाषेत लिहवायला सुरुवात केली आणि ते काम ब्राह्मण कारकुनांच्या हाती दिलं, असं फिरिश्ता सांगतो. यात उदारपणा किती आणि बाहेरून आलेल्या आफाकी सरदारांचा कणा मोडण्याचा डाव किती, यावर इतिहासकार वाद घालतील. मला त्यातला व्यवहार महत्त्वाचा वाटतो. नोकरांना मालकाची भाषा शिकवण्यापेक्षा मालकाने नोकरांची भाषा उचलणं स्वस्त पडतं, हे या सुलतानाने ओळखलं होतं. गुलबर्गा तेव्हा त्याच्याच मुलखात होतं.

तीनशे वर्षांनी हैदराबादेत नेमकं उलट घडलं. १८५३ ते १८८३ इतका काळ दिवाण असलेल्या पहिल्या सालारजंगाला संस्थानाचा कारभार नव्या चौकटीत बसवायचा होता आणि त्यासाठी त्याने उत्तर हिंदुस्थानातून शिकलेली माणसं आणली. या गैरमुल्की अधिकाऱ्यांना उर्दू उत्तम येत होती. त्यांच्या हाताखालच्या जिल्ह्यांत लोक तेलुगू, मराठी आणि कन्नड बोलत होते. संस्थानातली साधारण निम्मी प्रजा तेलुगू, एक चतुर्थांश मराठी, आणि उर्दूचा हिस्सा दहा टक्क्यांच्या थोडा पुढे. अशा वेळी अधिकाऱ्याला रयतेची भाषा शिकवण्याचा वर्ग काढणं हा एक मार्ग होता. राज्याने दुसरा पत्करला: १८८४ च्या सुमारास फारसी जाऊन अधिकाऱ्यांना येणारी उर्दू कारभाराची भाषा झाली. फारसीपेक्षा उर्दू लोकांना जवळची होती हे खरं. तरी भालकीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने एक न कळणारी भाषा जाऊन दुसरी अर्धवट कळणारी आली, एवढाच फरक. बाकीचं शिकणं त्याच्या आणि कारकुनाच्या वाट्याला आलं, ज्याच्या-त्याच्या खर्चाने.

शिकवणीचा खर्च मालकाने खरोखर केला तो ईस्ट इंडिया कंपनीने, आणि केला तो गोऱ्यांवर. वेलस्लीने १८०० मध्ये कलकत्त्याला फोर्ट विल्यम कॉलेज काढलं. सोळा-सतरा वर्षांचं पोर जहाजातून उतरायचं आणि त्याला मुलखाची एकही भाषा येत नाही, अशी अडचण होती. तिथे विल्यम कॅरीने मराठी शिकवली, १८०५ मध्ये तिचं व्याकरण आणि १८१० मध्ये कोश छापला. त्याच्या पाठीशी वैजनाथ पंडित होते. सिंहासनबत्तिशी, पंचतंत्र, हितोपदेश ही सुरुवातीची मराठी छापील पुस्तकं त्या वर्गाच्या गरजेतून निघाली. मराठी गद्य छापखान्यात गेलं त्याचं एक कारण परक्या नोकरांची शिकवणी हे होतं, ही गोष्ट आपण अभिमानाच्या भरात विसरतो. लष्करातल्या आणि मुलकी खात्यातल्या गोऱ्यांना मुनशी ठेवायला भत्ता मिळे, परीक्षा झाल्या की बक्षीस मिळे, आणि दुभाष्याची जागा मिळाली तर पगार वाढे. पुढे १८३१ मध्ये ज्याचा कोश निघाला आणि जो आजही आपल्या टेबलावर असतो, तो मोल्सवर्थही कंपनीच्या फौजेतलाच अधिकारी.

आपल्या भागात या व्यवस्थेचा सर्वांत बोलका नमुना म्हणजे फिलिप मेडोज टेलर. १८०८ मध्ये लिव्हरपूलला जन्मलेला हा मुलगा १८२४ मध्ये मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे नोकरीला आला. पेढीचं बरं चाललेलं नव्हतं. ओळखीतून त्याला निजामाच्या फौजेत जागा मिळाली आणि तो औरंगाबादला गेला. हिंदुस्तानी शिकला, त्या जोरावर लष्करी न्यायालयात दुभाष्याचं काम मिळवलं, मग मराठी आणि फारसी. विशीत असताना तो तुळजापूरकडच्या मुलखात पोलीस बघत होता. १८४० च्या दशकाच्या आरंभी तो शोरापूरला, म्हणजे आजच्या यादगीर जिल्ह्यातल्या सुरपूरला गेला आणि १८५३ पर्यंत तिथला कारभार त्याने चालवला. तिथला लहान राजा व्यंकटप्पा नायक त्याला ‘अप्पा’ म्हणे. पुढे नळदुर्ग. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या त्याच्या कादंबरीने १८३९ मध्ये विलायतेत खळबळ उडवली, ती लिहिण्याइतका ऐवज त्याला इथल्या लोकांशी थेट बोलता येण्यातून मिळाला. सुरपूरच्या टेकडीवरचं त्याचं घर अजून टेलर मंझिल म्हणूनच ओळखलं जातं.

टेलरबद्दल कौतुक वाटतंच. पण त्याच काळात सुरपूरच्या कचेरीतला पट्टेवालाही कन्नड, उर्दू, थोडी मराठी आणि हुकमापुरती इंग्रजी सांभाळत असणार. त्याला भत्ता नव्हता, बक्षीस नव्हतं आणि आत्मचरित्र छापायला प्रकाशकही नव्हता. वरच्याला भाषा येते तेव्हा ती विद्या ठरते. खालच्याला येते तेव्हा ती सवय समजली जाते. या पट्ट्याचा भाषिक इतिहास लिहिताना ही तफावत मला सतत टोचत राहते.

आता १९५६ कडे परत. बीदरमध्ये तेव्हा मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू या चारही भाषांचे लोक मोठ्या संख्येने होते आणि एकाही भाषेला बहुमत नव्हतं. सीमाप्रश्न, महाजन आयोग, सर्वोच्च न्यायालयातला दावा हे सगळं मराठी वाचकाला पाठ आहे. त्यात शिरत नाही. १९५६ मध्येच केंद्र सरकारने भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं एक निवेदन काढलं आणि १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेने त्याला दुजोरा दिला, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. त्यातलं एक कलम फार शहाणपणाचं होतं. राज्याची भाषा येत नाही म्हणून कोणाला नोकरीच्या दारात अडवू नये. आधी निवड करावी आणि भाषेची परीक्षा नंतर, परिविक्षेचा काळ संपण्याआधी घ्यावी. आधी घ्या, मग शिकू द्या. भालकीच्या मराठी पोराला बंगळुरूच्या नोकरीसाठी आणि सोलापूर-अक्कलकोटच्या कन्नड पोराला मुंबईच्या नोकरीसाठी ही सारखीच सोय होती.

व्यवहारात दोन्ही राज्यांनी या कलमाला वळसा घातला. कर्नाटकात १९६३ मध्ये राजभाषा कायदा झाला, १९७४ मध्ये नागरी सेवांसाठी सेवा व कन्नड भाषा परीक्षांचे नियम झाले, आणि भरतीच्या परीक्षेतच सक्तीची कन्नड प्रश्नपत्रिका आली. महाराष्ट्रानेही मराठीच्या विभागीय परीक्षा लावल्या. राज्याने आपल्या भाषेत कारभार करावा, यात गैर काही नाही. अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्याशी त्याच्या भाषेत बोलणं ही कारकुनाची नोकरीच आहे. गैर आहे ते परीक्षेलाच शिकवणी समजणं. परीक्षेला मालकाचा खर्च म्हणजे एक प्रश्नपत्रिका आणि एक दिवसाची खोली. शिकवणीला शिक्षक लागतो, कामाच्या वेळेतून तास काढावा लागतो आणि त्या तासाचा पगार द्यावा लागतो. कंपनी सरकारने गोऱ्या पोरासाठी हे केलं होतं. दोन्ही लोकशाही राज्यांनी आपल्या कारकुनाकडून मात्र ते रात्री घरी, कंदिलाच्या उजेडात करून घेतलं.

कारखानदारांनी याहून वेगळं काही केलं का? जगातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण हेन्री फोर्डचं. जानेवारी १९१४ मध्ये त्याने दिवसाला पाच डॉलरची मजुरी जाहीर केली आणि त्याच वर्षी डेट्रॉइटजवळच्या हायलंड पार्क कारखान्यात इंग्रजीची शाळा काढली. पोलंड, इटली, सीरिया, रशिया, कुठून कुठून आलेले मजूर तिथे होते. पीटर रॉबर्ट्स नावाच्या वायएमसीएच्या माणसाची पद्धत वापरली गेली: सकाळी उठणं, हातपाय धुणं, कामावर जाणं, बाजार करणं, अशा रोजच्या कामांची वाक्यं साभिनय म्हणायची. पद्धत चांगलीच होती. पण वर्ग भरे पाळीच्या आधी किंवा नंतर, मजुराच्या स्वतःच्या वेळात; शिकवणारेही बिनपगारी स्वयंसेवक. आणि शिकवायची होती ती नुसती भाषा नव्हती. पदवीदानाच्या सोहळ्यात व्यासपीठावर एक भलीमोठी कढई असे. मजूर आपापल्या देशाच्या कपड्यांत तिच्यात उतरत आणि अमेरिकन सूट घालून, हातात झेंडे घेऊन बाहेर पडत. पाच डॉलरच्या बदल्यात फोर्डला मजुराचं घर, दारू आणि मनही ताब्यात हवं होतं. भाषेच्या वर्गाबरोबर ही मागणी आली की शहाणा कामगार दोन पावलं मागे सरतो, आणि ते रास्त आहे.

तासाचा पगार द्यायचा प्रयोग स्वीडनने केला. १९७३ पासून तिथल्या कायद्याने परदेशी कामगाराला स्वीडिश शिकण्यासाठी २४० तासांची भरपगारी रजा देणं मालकावर बंधनकारक केलं. आठ तासांच्या हिशेबाने हे कामाचे तीस दिवस होतात, महिन्याहून जास्त पगार. कामगार चळवळीला हा मोठा विजय वाटला. मालकांनी त्यातून पळवाट काढली: ज्याला आधीच स्वीडिश येते त्यालाच कामावर घ्यायचं, म्हणजे रजेचा प्रश्नच नको. ज्याच्यासाठी कायदा केला तोच दाराबाहेर राहू लागला. ऐंशीच्या दशकात ही जबाबदारी सरकारी वर्गांकडे गेली. सगळा भार एकट्या मालकावर टाकला तर मालक माणूस निवडतानाच तो टाळतो, हा धडा स्वीडनने महागात घेतला. आपल्याकडच्या ‘स्थानिकांना प्राधान्य’ कायद्यांचे मसुदे लिहिणाऱ्यांनी तो वाचायला हवा.

तिसरा प्रयोग इंग्लंडमधला, आणि त्याचा धागा चक्क सांगलीजवळच्या कुपवाडपर्यंत येतो.

जॉन गम्पर्झ नावाचे अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ साठच्या दशकात सीमाभागातल्या त्या गावात काम करत होते. कन्नड बोलणारे जैन आणि लिंगायत, मराठी बोलणारे, उर्दू बोलणारे मुसलमान, आणि थोडी तेलुगू घरं, असं ते गाव. रॉबर्ट विल्सन यांच्यासोबत १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखवलं की शतकानुशतकं शेजारी राहून या भाषांची वाक्यरचना जवळजवळ एक झाली आहे. शब्द निराळे, पण शब्दांची मांडणी इतकी सारखी की एका भाषेतल्या वाक्यातला एकेक शब्द काढून दुसऱ्या भाषेतला ठेवत जावं आणि वाक्य बिघडू नये. घराघरांत मात्र लोकांनी आपली भाषा सोडलेली नव्हती, आणि वेगवेगळ्या जातिधर्मांचे लोक कामासाठी एकत्र आले की बरेचदा मराठी वापरली जाई, कारण ती तिथे कोणा एका वरचढ गटाची समजली जात नव्हती. बीदरच्या गंजात किंवा आळंदच्या बाजारात ज्याने भाव केला आहे त्याला यात नवल वाटणार नाही. वाक्य कन्नडमध्ये सुरू होतं, मध्ये दख्खनी उर्दू घुसते आणि आकडा मराठीत पडतो. शिकवणी कोणी केलेली नसते. पण त्याला शतकं लागली आहेत, आणि कारखान्यात नव्याने लागलेल्या माणसाकडे तेवढा वेळ नसतो.

हेच गम्पर्झ पुढे लंडनच्या साउथॉलमध्ये पोचले. तिथे सत्तरच्या दशकात सरकारी पैशातून ‘इंडस्ट्रियल लँग्वेज ट्रेनिंग’ची केंद्रं निघाली होती. पंजाबी, गुजराती, पाकिस्तानी कामगारांना कारखान्यातच, कामाच्या वेळेत इंग्रजी शिकवायची, अशी कल्पना. टॉम जप आणि सेलिया रॉबर्ट्स ही मंडळी त्यात होती. तिघांच्या कामावर आधारलेला ‘क्रॉसटॉक’ हा कार्यक्रम बीबीसीने १९७९ मध्ये दाखवला. गम्पर्झनी लिहून ठेवलेला त्यातला एक प्रसंग भाषेच्या वर्गांचे सगळे समज उलटेपालटे करतो.

लंडनच्या एका मोठ्या विमानतळावर कर्मचाऱ्यांच्या कँटीनमध्ये हिंदुस्थानी आणि पाकिस्तानी बायका नव्याने कामाला लागल्या होत्या. थोड्याच दिवसांत तक्रारी सुरू झाल्या: या बायका उर्मट आहेत, तुटक बोलतात. बायकांचं म्हणणं असं की गोरे आमच्याशी नीट वागत नाहीत. संभाषणं ध्वनिमुद्रित करून ऐकली, तेव्हा असं दिसलं की बायका फार कमी शब्द बोलत होत्या. ताटात मांस घेतलेल्या माणसाला रस्सा हवा का, हे विचारायचं असे. गोरी बाई शेवटी सूर चढवून म्हणायची, “ग्रेव्ही?” आपली बाई तोच शब्द सूर खाली आणून म्हणायची. आपल्याकडे हे सरळ, सभ्य विचारणं झालं. गोऱ्याच्या कानाला ते ‘ही घे ग्रेव्ही’ असं, टाकून बोलल्यासारखं ऐकू येई. ही मुद्रणं बायकांना आणि त्यांच्या वरच्या अधिकाऱ्यांनाही एकत्र ऐकवली गेली. आधी बायकांना काही फरकच जाणवला नाही. मग कळलं, तेव्हा त्यांनी सुटकेचा श्वास सोडला: म्हणजे आपण वाईट वागत नव्हतो. अधिकाऱ्यांनाही तोवर जो दुर्गुण वाटत होता, तो नुसता सूर निघाला.

या प्रसंगात इंग्रजीचा एकही नवा शब्द शिकवला गेला नाही. वर्गात साहेबही बसला होता, हे माझ्या मते त्याचं खरं वेगळेपण. फोर्डच्या शाळेत फोरमन विद्यार्थी म्हणून कधी बसला नाही. ही केंद्रं १९८९ मध्ये बंद झाली. सरकारने पैसे थांबवले आणि कारखानदारांनी स्वतःच्या खिशातून ती चालवायची तयारी दाखवली नाही.

आज कलबुर्गी जिल्ह्यात बाहेरून आलेला मजूर पाहायचा तर वाडी, शहाबाद, सेडम, मळखेड या चुनखडीच्या पट्ट्यात जावं. आपल्या घरांत जी शहाबादी फरशी असते ती इथली, आणि त्याच दगडावर सिमेंटचे कारखाने उभे राहिले. शहाबादचा कारखाना १९२० च्या दशकातला, वाडीचा साठच्या दशकातला. मुंबईहून येणारा लोहमार्ग १८७१ पर्यंत या भागातून पुढे गेला होता आणि १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादचा फाटा निघाला; तेव्हापासून वाडी हे बाहेरच्या माणसांचं गाव आहे. आता बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून ठेकेदारामार्फत माणसं येतात. कारखाने कायद्याच्या १०८ व्या कलमाप्रमाणे कामगारांनी जाणून घ्यायच्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना कळणाऱ्या भाषेत लावाव्या लागत. बहुसंख्य हा शब्द नीट वाचायला हवा. भट्टीजवळ उभा असलेला ओडिया माणूस बहुसंख्य नसतो. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदाराला प्रत्येक मजुराचं पासबुक करायला सांगितलं. हिंदी-इंग्रजीत आणि मजुराची भाषा निराळी असेल तर तिच्यातही. म्हणजे कायद्याने कागदाला मजुराची भाषा शिकवली. मजुराला कामाची भाषा शिकवण्याबद्दल दोन्ही कायदे गप्प होते.

शिकवतो तो मुकादम. ‘इल्ली बा’ म्हणजे इकडे ये, ‘एष्टु’ म्हणजे किती, ‘साकु’ म्हणजे पुरे. पहिल्या आठवड्याचा अभ्यासक्रम एवढाच. काम थांबवायला तो पुरतो, मजुरी कमी पडली तर भांडायला पुरत नाही. मुकादमाला तो त्याहून वाढवण्यात रसही नसतो, कारण मजूर आणि मालक यांच्यामध्ये उभं राहण्यावर त्याचं पोट असतं. उलट दिशेने, चिंचोली-आळंदकडच्या तांड्यांवरून पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर जाणाऱ्या बंजारा जोडप्यांची हीच गोष्ट आहे. घरात गोरबोली, शाळेत कन्नड, आणि मराठी पुण्यात वाळूच्या ढिगाशी उभं राहून शिकायची.

बीदरच्या साखरपट्ट्यात मात्र वेगळं चित्र दिसतं. बीडकडून आलेला कोयता, म्हणजे ऊसतोडणीचं जोडपं, भालकीच्या फडात उतरतं तेव्हा त्याला कन्नडची फारशी अडचण येत नाही, कारण कारखान्याच्या शेतकी खात्यातला चिटबॉय आणि बहुधा उसाचा मालकही मराठी बोलतो. इब्राहिम आदिलशहाचा जुना हिशेब इथे आपोआप लागू झाला आहे: मालकाच्या बाजूच्या माणसालाच मजुराची भाषा येते. उचल किती घेतली आणि किती फिटली, यावरून होणारे वाद त्यामुळे थांबत नाहीत. पण निदान ते दोघांना कळणाऱ्या भाषेत होतात.

पैसे खर्च करून शिकवणी देणारे मालकही या भागातल्या मुलांनी पाहिले आहेत. या शतकाच्या सुरुवातीला हैदराबाद, पुणे, बंगळुरूत कॉल सेंटरं निघाली तेव्हा बीदर-कलबुर्गीकडची पदवीधर मुलं तिकडे गेली. त्यांना कित्येक आठवडे पगार देऊन इंग्रजी उच्चार शिकवले गेले, अमेरिकेतल्या राज्यांची नावं पाठ करून घेतली गेली, कारण फोनच्या पलीकडचं गिऱ्हाईक आवाजावरच पैसे देत होतं. केरळच्या परिचारिकांना जर्मनीत नेणाऱ्या ‘ट्रिपल विन’ योजनेत जर्मनच्या शिकवणीचा भार परिचारिकेवर पडत नाही. जर्मन रुग्णालयं शुल्क देतात, कारण तिकडे माणसं कमी आहेत. २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी करार केला, तेव्हा तरुणांना फुकट जर्मन शिकवण्याचा भार महाराष्ट्र सरकारने स्वतःवर घेतला. म्हणजे शिकवणी मराठी करदात्याच्या पैशाने होणार आणि कामगार जर्मन मालकाला मिळणार. सौदा वाईट नसेलही, पण हिशेब कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवायला हवा.

कर्नाटकात हवा हळूहळू बदलते आहे. कन्नड भाषा समग्र विकास अधिनियम, २०२२ ने कन्नड न येणाऱ्या कर्मचाऱ्यांना ती शिकवण्याची सोय करण्याची बाब आस्थापनांच्या कर्तव्यात आणली. कन्नड विकास प्राधिकरण बाहेरून आलेल्यांसाठी वर्ग चालवतं. मे २०२५ मध्ये बंगळुरूजवळच्या एका बँकेच्या शाखेत व्यवस्थापकाने कन्नड बोलायला नकार दिल्यावरून गदारोळ झाला, तेव्हा मुख्यमंत्री सिद्धरामय्यांनी देशभरच्या बँक कर्मचाऱ्यांना स्थानिक भाषा आणि संस्कृतीचं प्रशिक्षण सक्तीचं करावं, अशी मागणी केंद्राकडे केली. मागणी योग्य आहे. ती ज्यांच्यासाठी आहे ते मात्र पुन्हा पगारदार, पंख्याखाली बसणारे लोक आहेत. वाडीच्या ठेकेदाराकडे आलेल्या मजुरासाठी अशी मागणी अजून कोणी केलेली नाही.

केली तर ती साउथॉलसारखी असावी, असं मला वाटतं. स्वीडनचे २४० तास इथे कोणी देणार नाही. पाळीतले, पगारी, आठवड्याला दोन तास आणि तेही तीन महिने मिळाले तरी पुष्कळ. सुरुवात बाराखडीपासून नको. यंत्र थांबव, धूर येतोय, मला लागलंय, हजेरीत माझं नाव नाही, माझे इतके दिवस झाले, मी हे काम करणार नाही: वाक्यं या जातीची हवीत. शेवटची तीन कुठलाही मुकादम आपणहून शिकवणार नाही, म्हणून शिक्षक मुकादमाच्या ओळखीतला नसावा. कलबुर्गीत कन्नड, मराठी, हिंदी तिन्ही बोलणाऱ्या बेकार पदवीधरांचा तुटवडा नाही. खर्च ठेकेदाराच्या बिलात न घालता कारखान्याने आणि सरकारने वाटून घ्यावा, नाहीतर ठेकेदार स्वीडिश मालकांची युक्ती करेल आणि कन्नड येणारेच मजूर शोधत बसेल. आणि त्या वर्गात, मागच्या बाकावर का होईना, सुपरवायझर आणि वेळेची नोंद ठेवणारा कारकून यांनाही बसवावं, म्हणजे ओडिया माणूस ‘नाही’ कसं म्हणतो, हे त्यांच्याही कानाला कळेल.